फॉरमॅट न करणारे साडू

बिघडलेली कुठलीही गोष्ट पुन्हा होती तशी करता येते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला मालवणात, बंदरापासून हाकेच्या अंतरावर. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, मीही म्हणतो. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या पडवीत आसपासच्या गावांतले बंद पडलेले कॉम्प्युटर येऊ लागले. बाजारातल्या दुकानात न्यावं तर तिथला मालक पडद्याकडे धड न बघताच "फॉरमॅट मारूचो लागतलो" म्हणून मोकळा होतो, म्हणजे आतलं होतं नव्हतं पुसायचं आणि सगळं नव्याने भरायचं. साडूंच्या घरात हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एकदा माझ्या मेहुणीने फ्रिजमधला बर्फ काढताना गमतीत "फ्रिज फॉरमॅट करतंय" म्हटलं, तर हे जेवणाच्या ताटावरून न बोलता उठले होते.

कॉम्प्युटर सुरू होताना त्याला स्वतःच्याच काही फाइली लागतात. त्यातली एखादी हरवली किंवा खराब झाली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव उमटतं आणि सगळं तिथेच थांबतं. साडूंचा जीव या फाइलींत अडकलेला. कुठली फाइल कुणावाचून चालत नाही, कोण नाजूक, कोण खमकी, हे ते नात्यातल्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगत. त्यातल्या एका फाइलीच्या नावात 'कर्नल' आणि 'बत्तीस' येतं. एकदा ते पडवीतून फोनवर कुणाला तरी "कर्नल गेलो, आता काय खरां नाय" असं गंभीरपणे सांगत होते. शेजारच्या बाईंनी ते ऐकलं आणि संध्याकाळी पांढरी साडी नेसून मेहुणीला भेटायला आल्या. मिलिटरीतले कुणी जवळचे वारले असतील, असा त्यांचा समज.

कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्याची आधी कसून चौकशी व्हायची. बंद पडायच्या आधी वीज गेली होती का, घरात कुणी वायर ओढली का, खिडकी समुद्राच्या बाजूला आहे का. मग ते आपली जुनी सीडी घालून एक काळी खिडकी उघडत, त्यात एक ओळ टाईप करत, आणि टक्के हळूहळू वर चढू लागत. टक्के चढत असताना घरात मिक्सर लावायचा नाही, मोटर चालू करायची नाही. आम्ही एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सुरमई चिरून तयार, पण वाटपाचं खोबरं मिक्सरच्या भांड्यात तसंच, कारण पडवीतला रुग्ण साठाच्या पुढे सरकेना. शेवटी मेहुणीने पाटा काढला. जेवण झालं तेव्हा चहाची वेळ उलटून गेली होती.

हरवलेली फाइल आपल्याकडे नसेल तर ती त्याच जातीच्या धडधाकट मशीनमधून आणायची, हा त्यांचा नियम. मी तेव्हा ओरोसला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. एका दुपारी साडू दारात उभे. एसटीने आले होते, शर्ट घामाने भिजलेला. माझा जुना कॉम्प्युटर आणि त्यांच्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचा कॉम्प्युटर सारखे होते एवढ्यावरून त्यांनी हा प्रवास केला होता. एक फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला आणि चहा न घेता परतीच्या गाडीला धावले. नेटवरून मिळाली असती, असं मी म्हटलं, तर माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाले, "खंयचीय वस्तू खंयसूनय आणून चलाची नाय रे."

आम्ही या सगळ्याला हसत असू. माझी बायको तर माहेरच्या लग्नांत त्यांची नक्कल करायची. हमीदाभाबीच्या कॉम्प्युटरनंतर ती नक्कल बंद झाली.

हमीदाभाबीचा नवरा इस्माईल स्वतःची होडी घेऊन मासेमारीला जायचा. साडूंची त्याची ओळख कॉम्प्युटरवरूनच झालेली. लेक कुवेतला दिलेली, तिची मुलगी तिथेच वाढत होती आणि तिला आपली बोली येत नव्हती. इस्माईलच्या डोक्यात आलं की नातीसाठी आपल्या आवाजात माशांची, वाऱ्यांची, होडीच्या भागांची नावं आणि थोड्याफार गोष्टी भरून ठेवाव्यात. सुट्टीत ती आली की तिला शेजारी बसवून ऐकवायच्या. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. म्हणून साडूंनी त्याच्या घरच्या कॉम्प्युटरला माइक जोडून दिला, शेजारी बसून सगळं शिकवलं, आणि तो बोलायला लाजतो म्हणून सुरुवातीच्या गोष्टी स्वतः समोर बसून ऐकल्या.

नात यायच्या आधीच इस्माईल गेला. सकाळी समुद्र शांत होता, दुपारी वारा फिरला. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. इस्माईल सापडला नाही. बरेच दिवस लोक देवगडपासून खाली आरोंद्यापर्यंतच्या किनाऱ्यावर चौकशी करत होते. काहीच हाती आलं नाही. कबर नाही, त्यामुळे माती द्यायचं समाधानही नाही. लेकीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये तो दिसायचा, पण शूटिंगवाल्याने आवाज काढून सगळीकडे गाणी घातलेली. त्याचा आवाज राहिला होता तो फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये. आणि त्या पावसाळ्यात विजेच्या ये-जा करण्याने तोही बंद पडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, अमुक फाइल नाही.

भाबीच्या भावाने तो आधी बाजारात नेला, भाबीही बरोबर होती. दुकानदाराने या वेळी मात्र पडदा नीट बघितला, कान लावून आवाजही ऐकला. आतली डिस्क टकटक करते आहे, ती काढून आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेऊ, मग फॉरमॅट करू, असं तो म्हणाला. भाबीला त्यातला एवढा शेवटचा शब्दच ऐकू आला. तिने कॉम्प्युटर उचलायला लावला आणि रिक्षात मांडीवर घेऊन साडूंच्या दारात उतरली.

मी नेमका त्या दिवशी तिथे होतो. साडूंनी मशीन चालू केलं, तशी ती टकटक मलाही ऐकू आली. दुकानदार काय म्हणाला ते भाबीच्या भावाने सांगितलं. साडू म्हणाले, या दुकानवाल्यांना आधी चिरफाडच सुचते. मग भाबीकडे बघून म्हणाले, "होतो तसो करून देतंय. तुमी घोर करू नकात."

त्यांनी काळी खिडकी उघडली, डिस्क तपासून दुरुस्त करायची ओळ टाईप केली. टक्के चढू लागले. मेहुणीने न सांगता पंखासुद्धा बंद केला. भाबी पडवीच्या पायरीवर पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. टकटक मध्येच थांबायची, मग वाढायची. शंभर झाले, मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं आणि पडद्यावर नातीचा फोटो आला. जसा इस्माईलने लावला होता तसा, सगळी चित्रं आपापल्या जागी. साडूंचा चेहरा मी तेवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी भाबीला हाक मारली, तिला खुर्ची दिली आणि इस्माईलचं फोल्डर उघडलं.

नावं सगळी होती. बांगडा, पेडवे, मतलय वारा, आजीची गोष्ट. साडूंनी पहिली फाइल लावली, ती उघडेना. दुसरी लावली. तिसऱ्या फाइलीतून क्षणभर खरखर आली आणि थांबली. एकेक करत ते शेवटपर्यंत गेले. मरत आलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवली होती. यंत्र सुरू करण्यासाठी जे सांधायचं ते सांधलं गेलं होतं आणि त्या खटाटोपात आवाजाचे तुकडे झाले होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न करायचा म्हणून मशीन बंद करून चालू केलं. नंतर ते सुरूच झालं नाही.

साडू तिला म्हणाले, "भाबी, होता तां माझ्या हातान गेला. तो दुकानदार बरोबर सांगी होतो."

तिने भावाला कॉम्प्युटर रिक्षात ठेवायला सांगितलं. नंतर कळलं, तिने तो घरी त्याच टेबलावर ठेवून त्यावर विणलेलं कापड घातलं. साडूंनी भाबीच्या भावाकडून त्यातली डिस्क मागून घेतली आणि पुण्याला, मुंबईला पाठवून बघितली. दोन्हीकडून ती तशीच परत आली.

पडवी रिकामी झाली. कुणी कॉम्प्युटर घेऊन आलं तर साडू आतूनच सांगायचे, आधी आत काय आहे ते उतरवून घ्या, मग बाजारात न्या. फॉरमॅट हा शब्द आता ते स्वतः उच्चारत, अगदी सपाट आवाजात. माझ्या मेहुणीला तेच जास्त लागायचं.

गेल्या खेपेला मी मालवणला गेलो तेव्हा साडूंनी मला चल म्हटलं आणि आम्ही बंदराकडे चालत निघालो. कुठे ते सांगितलं नाही. हमीदाभाबीच्या दारात थांबले तेव्हा समजलं की हे तिथे अधूनमधून येतात. बोलावणं तिनेच धाडलं होतं. तिने आम्हाला सरबत दिलं, कुवेतच्या खुशालीचं थोडं बोलली. मग साडूंना म्हणाली, "भाऊ, तुमी तेच्या बाजूक बसलेलात. बांगड्याचा काय सांगी होतो तां सांगा परत."

साडूंनी घसा साफ केला. बांगड्याच्या पाठीवरच्या रेघांबद्दल, तो पाण्यात वळतो तेव्हा समुद्र कसा चमकतो त्याबद्दल इस्माईलने नातीला जे सांगितलं होतं ते सांगू लागले. त्यांचा स्वतःचा आवाज बारीक आहे. तो त्यांनी जाडा केला होता. मी खाली बघत राहिलो.

"इतक्या सावकाश नाय," भाबी म्हणाली. "तो घायेन बोलायचो."

साडूंनी पुन्हा पहिल्यापासून, घाईने सांगितलं. तिने मान डोलावली आणि डोळे पुसले.

परतताना त्यांनी मासळीबाजाराच्या वळणावर थांबून मला विचारलं, "तू तेका बंदरार ऐकलेलस मा कधीतरी? तो असोच बोलायचो मा रे?"

मी इस्माईलला आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं.

"असोच," मी म्हटलं. "अगदी असोच."