परीस, तवा आणि रक्तदाबाची गोळी

लोखंडाचे सोने करणारा आणि माणसाचे आयुष्य लांबवणारा परीस सध्या दादरच्या एका भाड्याच्या सभागृहात, सुलभ हप्त्यांसह, उपलब्ध आहे, ही माहिती मला थोरल्या भावाकडून मिळाली. ज्याच्या पदरी परीस आहे त्याला हप्त्यांची गरज काय, हा प्रश्न तेथे जमलेल्या एकाही ज्येष्ठ नागरिकाला पडला नाही. दादाने तो काळा, गुळगुळीत दगड परळच्या खोलीत आणला, त्यावर ओतलेले पाणी प्यायला सुरुवात केली आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. विक्रेत्याची तशी आज्ञाच होती.

मी गिरगावातून संबंधित खात्याला पत्रे धाडली. जादुई उपायांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा कलमांसह उद्धृत केला. अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग केल्याचे उत्तर आले. या देशात अमरत्व लाभलेली एकच वस्तू मी पाहिली आहे: वर्ग केलेला अर्ज.

पुढच्या रविवारी परळला गेलो, तर दादा वहिनींचा बिडाचा तवा छातीशी धरून उभा. परीक्षेसाठी त्याने ओला परीस तव्यावर ठेवला होता. तेथे तांबूस वर्तुळ उमटले होते.

"बघ! आधी तांबूस येतं, मग पिवळं. ते म्हणालेच होते."

"दादा, हा गंज आहे."

"गप रव! मोठा वकील लागून गेलास!"

हा गृहस्थ हयातभर गिरणीत फिटर होता. एवढे ओरडल्यावर त्याचा चेहरा लालभडक झाला, त्याला भोवळ आली आणि त्याने भिंत धरली. मी कलम वाचून दाखवू लागलो.

"भावोजी, ते कलम राहू द्या. बसा, घावणे घालते."

वहिनींनी तवा काथ्याने खसाखसा घासला, गॅसवर चढवला. परीस पुसून गोळ्यांच्या पाकिटावर ठेवला. घावणे होईपर्यंत तो तेथेच राहिला. मग त्यांनी पाकिटातली गोळी दादापुढे धरली.

"अहो, घ्या."

"गोळ्या बंद सांगितल्यात ना?"

"साध्या. ही परिसाला लागलीय. लोखंडाचं सोनं होतं, मग गोळीला गुण येणार नाही?"

दादा माझ्याकडे वळला. "तू सांग. कायद्याने बोल."

विधान खोटे, दिशाभूल करणारे आणि मी नुकत्याच वाचलेल्या कलमाखाली शिक्षापात्र होते. मी अख्खा घावणा तोंडात कोंबला आणि मान डोलावली. दादाने गोळी गिळली.

आता रोज परिसाखालची गोळी पोटात जाते. रक्तदाब ताळ्यावर आहे आणि सर्व श्रेय अर्थातच दगडाला आहे. दरम्यान माझा अर्ज जागा झाला असून खात्याने मला जबाबासाठी बोलावले आहे. विक्रेत्याविरुद्ध मी तोंड भरून बोलणार आहे. मात्र दादाला शेजारी बसवून, या दगडाचा कोणाला गुण आला काय, असे विचारले, तर खात्याने समजून असावे: तक्रारदारच फितूर होईल.