रांगेतला विसावा बूट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी फुकट मिळालेल्या कोथिंबिरीचाही हिशेब देतो.

मी अमरावतीत गणित शिकवतो. हे मी अनोळखी माणसालाही पाच मिनिटांत कळवतो. त्या दिवशी तर दवाखान्याबाहेरच्या अख्ख्या रांगेला कळवलं. लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा नागपूरहून यायचे, वीसच मुलं तपासायचे. माणसं झाडाखाली बसायची, रांगेत चपला लागायच्या. माझ्या मुलीचं डोकं दुखायचं. माझा एक बूट रांगेत एकविसावा, दुसरा पायात. पुढची स्लिपर मूर्तिजापूरकडच्या एका बाईची. तिच्या पोरीला झटके यायचे, गोळ्या कालच संपल्या होत्या. हे तिनंच मला सांगितलं — म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

मी लंगडत चहाला गेलो. परतलो तर ती म्हणाली, "सर, तुमचा बूट कुत्रं घेऊन चाललं होतं. म्या आनून ठेवला जाग्यावर."

अगदी जागेवर ठेवला होता, तिच्या स्लिपरमागे. मग ती पोरीला पाणी पाजायला वळली — आणि मी काय केलं? सांगतो ना. मोज्यातल्या पायानं बूट हळूच तिच्या स्लिपरपुढे सरकवला.

कंपाउंडर चपला मोजत आला आणि वीसवर थांबला. बाई गोंधळली. "मी तं विसावी होती ना? सर, तुमी गनिताचे. मोजून पाहा बरं."

मी मोजलं. वाकून, बोट लावून, वर्गात मोजतो तसं खणखणीत. तिची स्लिपर एकविसावीच भरली. लाज वाटली का? वाटली. आवाज मात्र जराही कापला नाही.

कुणी गळेल या आशेनं ती संध्याकाळपर्यंत दारात बसून होती. कुणी गळलं नाही. डॉक्टरांनी माझ्या मुलीला दोन मिनिटं पाहिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, म्हणाले. चष्मा लागला होता.

बाहेर आलो तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन स्टँडकडे निघाली होती. मला पाहून थांबली.

"बरं झालं सर, तुमी होते. नाही तं मी उगीच त्या कंपाउंडरसंग भांडली असती. आता पुढच्या महिन्यात येतो."

महिनाभर गोळ्यांचं काय करणार, हे मी विचारलं नाही. सावकाश जा, म्हणालो.