पर्मनंट नवरदेव

भिंगरवाडीच्या दिग्विजयला देवानं आणि आयटी पार्कनं मिळून काही कमी केलं नव्हतं. हिंजवडीच्या वाटेवरची जमीन विकून अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, दोन होस्टेलं उठवली होती. मागे भाड्याच्या खोल्यांची चाळ होती. दारात ट्रॅक्टरच्या जागी पांढरी उंच गाडी आली होती आणि दिग्विजयच्या गळ्यात पोळ्याच्या बैलाला शोभेल अशी चेन. फक्त बायको नव्हती. तिशी उलटली तरी पोरगा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला, आणि घोडं दर वेळी एकाच प्रश्नाशी अडायचं: मुलगा करतो काय?

"त्याला काय करायची गरजच न्हाई," असं अण्णा मिशीवर हात फिरवत सांगायचे. मुलीकडचे पोहे पुढे करायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत.

कर्वेनगरच्या दीपमालाला बघायला गेला तेव्हा मात्र दिग्विजय खरोखर अडकला. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत होती. दोघांना गॅलरीत बोलायला सोडलं तर तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या होस्टेलचं पाणी दुपारी का जातं हो? माझी मैत्रीण राहते तिथं." आजवर कुठल्या मुलीनं त्याला गाडी सोडून काही विचारलं नव्हतं. घरी येईपर्यंत गडी पार विरघळला होता. दुसऱ्या दिवसापासून होस्टेलला दुपारी पाणी येऊ लागलं, यावरून काय ते समजा.

तिचे वडील वैजनाथराव लातूरकडून पुण्यात येऊन, सरकारी कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसत निकाल दिला. "भाडं येतं, आनंद आहे. पण ते इमारतींचं कर्तृत्व झालं. चिरंजीवांना पर्मनंट नोकरी लागली की पुन्हा या."

नेमक्या त्याच सुमारास बातमी आली की भिंगरवाडी महापालिकेत जाणार. गावाबरोबर ग्रामपंचायतीचे कामगारही महापालिकेचे होणार. झालं. ग्रामपंचायतीच्या कामाला ज्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांच्या गाड्यांची अर्ज द्यायला रांग लागली. मागल्या तारखा घालून नेमणुका होऊ लागल्या. सरपंच दिग्विजयचे सख्खे चुलते, तरी त्याला उशीरच झाला. कारकुनी सरपंचांच्या मेव्हण्याला गेली होती, ड्रायव्हरकी व्याह्याला, आणि पाण्याचा एक व्हॉल्व्ह सोडायला चार जण लागले होते. उरलं होतं सफाईचं काम.

"खराटा?" दिग्विजयचा चेहरा उतरला.

"कागदावरच झाडायचंय रे," चुलते म्हणाले. "कागदाला कुठं धूळ असती?"

पण त्या जागेवर द्वारकाबाई होती. परभणीकडून आलेली विधवा बाई, अण्णांच्याच चाळीत भाड्यानं राहणारी. गावचे रस्ते, चावडी, शाळेचं पटांगण वर्षानुवर्षं तीच रोजंदारीवर झाडत आली होती. खरं तर पर्मनंट व्हायचा हक्क साऱ्या गावात कुणाचा असेल तर तो तिचा. तिला सांगण्यात आलं, "तुझं नाव पुढच्या यादीत घेऊ." पुढची यादी निघणार नाही हे दिग्विजयला ठाऊक होतं. त्याला वाईट वाटलं. चहा येईपर्यंत वाटलं. मग आयत्या बिळावरच्या नागोबानं अर्जावर सही ठोकली.

पडताळणीला महापालिकेचे साहेब आले, तेव्हा सगळे उमेदवार चेनी शर्टात दडवून ओळीनं उभे राहिले. दिग्विजयनं द्वारकाबाईचाच खराटा मागून घेतला होता आणि नवरदेवानं कट्यार धरावी तसा तो धरला होता. साहेबांचं लक्ष कडेला उभ्या असलेल्या द्वारकाबाईकडे गेलं. "या कोण?"

"ती व्हय? ती अशीच झाडती," सरपंच म्हणाले. "हौस हाय तिला."

द्वारकाबाईनं मान डोलावली. राहती खोली अण्णांची होती.

नेमणूक झाली. वैजनाथरावांना कळवलं: महापालिकेत, आरोग्य खात्यात, पर्मनंट. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला 'पर्मनंट'च्या पुढचं काही ऐकू येत नाही. साखरपुडा ठरला. सफाई कामगार सकाळी जिथं हजेरी लावतात त्या जागेला कोठी म्हणतात. कुठली कोठी हवी, अशी ओळखीतून विचारणा झाली, तेव्हा या शहाण्यानं चक्क कर्वेनगर मागून घेतलं. झाडायचं होतं कुणाला? हजेरी लावायची आणि जाता जाता दीपमाला दिसते का बघायचं, एवढाच त्याचा बेत.

झाडायला त्यानं द्वारकाबाईलाच ठेवलं, आपल्या पगारातला एक तुकडा देऊन. सकाळी हजेरीच्या मशीनला तोंड दाखवायचं, गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायची आणि एसी लावून पडून राहायचं. द्वारकाबाई गाडीला वळसा घालून गल्ली झाडायची.

साखरपुडा आठवड्यावर आला असताना, सकाळचं फिरून परतणाऱ्या वैजनाथरावांना जावयाची गाडी दिसली. त्यांनी काच वाजवली. "अहो, इथवर येऊन गाडीत काय झोपताय? वर चला." दिग्विजय वर गेला. दीपमाला कंपनीला निघण्याच्या बेतात होती, तरी थांबून तिनं चहा टाकला. दुपारच्या पाण्याबद्दल मैत्रिणीनं आभार मानलेत, असंही सांगितलं. दिग्विजयला स्वर्ग दोन बोटं उरला.

तेवढ्यात दारात द्वारकाबाई उभी राहिली. तिनं त्याला जिना चढताना पाहिलं होतं. "दादा, नवा मुकादम आलाय. तुम्हाला बोलवायलाय. म्हणतो, ज्याची हजेरी त्यानंच खराटा धरायचा, न्हाईतर खाडा."

"खराटा?" वैजनाथरावांनी विचारलं.

"आरोग्य खात्यातच येतं ते," दिग्विजय कपाकडे बघत म्हणाला.

वैजनाथरावांनी चष्मा काढून पुसला. मनातल्या मनात त्यांनी पगार, रजा, महागाई भत्ता सगळं मांडून पाहिलं असावं. "पण पर्मनंट आहे ना?"

"आहे."

"मग कामाला लाज कसली?"

दिग्विजयचा जीव भांड्यात पडला. पण दीपमाला द्वारकाबाईकडे बघत होती. रोज बसला जाताना दोघींचं चार शब्द बोलणं व्हायचं. "मावशी, म्हणजे तुम्ही यांच्या जागी झाडता?"

"व्हय. मी यांच्या जागी झाडते आन् हे माझ्या जागी लागलेत." पत्ता विचारणाऱ्याला पत्ता सांगावा, तसं तिनं ते सांगितलं.

दीपमालानं खुर्ची पुढे ओढली. "बसा मावशी, चहा घ्या." मग दिग्विजयकडे वळून म्हणाली, "तुम्ही जा, गल्ली झाडून या. बाबा म्हणालेच, कामाला लाज कसली. मलाही वाटणार नाही. मी आज रजा टाकते. तुम्ही वर आलात की मावशींच्या जागेचं काय करायचं ते तिघं बसून ठरवू." तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला तो खरोखर वर यायला हवा होता.

दिग्विजय खाली आला. जिन्याशी टेकवलेला खराटा त्यानं उचलला. शेजारच्या गॅलरीतून पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी सल्ला दिला, "अहो, चेन काढून ठेवा. खराट्यात अडकेल." त्यानं एक हात मारला. धूळ उडून पांढऱ्या बुटांवर बसली. एवढ्यात नाक्यावर कंपनीची बस थांबली आणि काचांमागे चेहरे दिसले. ओळखीचं कुणी असेल की नसेल, दिग्विजयनं पाहिलंच नाही. दीपमालासाठी उरलेली जमीनसुद्धा विकायची त्याची तयारी होती. एक गल्ली झाडायची नव्हती. खराटा भिंतीला लावून तो गाडीत बसला आणि गेला.

चहा पिऊन द्वारकाबाई खाली आली. गाडी उभी राहायची तेवढी जागा कित्येक दिवस झाडायची राहिली होती. पानं कुजून रस्त्याला चिकटली होती. तिनं आधी ती खरवडून काढली.

साखरपुडा मोडला. "पर्मनंट होता हो," असं वैजनाथराव अजून हळहळतात. नोकरीला मात्र धक्का लागला नाही. चुलत्यांनी शब्द टाकला आणि दिग्विजयची बदली बिबवेवाडीला झाली. द्वारकाबाई आता दोन बस बदलून तिथं झाडायला जाते. गाडी तिथंही रस्त्यात उभी असते. पण हल्ली ती वळसा घालत नाही. काच वाजवते आणि म्हणते, "दादा, गाडी पुढं घ्या, झाडायचंय."

तो मुकाट्यानं घेतो.