वहिनींच्या भट्टीतला कोयता

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला तेव्हा मी गावच्या सेवा सोसायटीत सचिव होतो. पेरणीच झाली नव्हती, तर खत-बियाणं न्यायला येणार कोण? रोज दुकान उघडायचो, फळ्या पुसायचो, बसून राहायचो. गावाचं लक्ष दसऱ्याकडे होतं. दसरा झाला की ट्रका येणार आणि अर्धं गाव ऊस तोडायला जाणार. त्या वर्षी तर कधी तोडीला न गेलेली घरंही निघाली होती.

ऊसतोडीचे कोयते मात्र लोक वडवणीच्या बाजारातून आणत होते, यंत्रावर घडवलेले. गावात लोहाराची भट्टी होती. पण लोहारदादांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. आता ते डाव्या हाताने भाता ओढत, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांडशीत लोखंड धरत आणि वहिनींची जाऊ घण घाली. "बायांचा कोयता टिकत न्हाई," म्हणून लोक मोकळे होत. वापरून कुणीच बघितला नव्हता.

मला ते फार लागलं. वहिनींना म्हणालो, "एक घडवा. सोसायटीत ठेवतो."

"ठिवून काय व्हतंय भाऊ? घ्याया कोण येतंय?"

"आधी घडवा तर."

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा कोयता त्यांनी घडवला. मी तो आईकडे नेला. आईचं अर्धं आयुष्य उसाच्या फडात गेलेलं. तिने तो हातात तोलला, बाभळीच्या फांदीवर दोन घाव घातले आणि धारेवर बोट फिरवलं.

"टोकाला जड हाय. दुपारपातूर मनगट धरंल. अन् धार बी उडाली बघ."

मी कोयता परत घ्यायला हात पुढे केला.

"कावून तोंड पाडतो? चल, मला तिच्याकडं घिऊन."

भट्टीवर आईने सगळे दोष तोंडावर सांगितले. वहिनींचा चेहरा उतरला. तरी त्यांनी विचारलं, "मावशी, मूठ कुठं धरता तुमी?" आईने धरून दाखवली. आजारपणापासून गप्प असलेले लोहारदादा पहिल्यांदा बोलले, "पाण्यात बुडवल्यावर परत शेकायचा, गव्हाळ रंग चढंस्तोवर. तू लवकर काढतीस."

दुसराही आईने परत केला. तिसरा हातात घेऊन म्हणाली, "ह्यो चालंल."

कोयते सोसायटीत विकायला ठेवू म्हणालो, तसे बैठकीत चेअरमन भडकले. "सोसायटी हाय का भंगाराचं दुकान?"

मी म्हणालो, "यंदा ही भट्टी बंद पडली, तर पाऊस आल्यावर पेरणीच्या पाभरीचे फण कोण करून देणार? तेही वडवणीहून आणायचे?"

चेअरमन म्हणाले, "ठिव. न्हाई खपले तर तूच निस्तर."

आठ दिवस एकही खपला नाही. मग आई स्वतः बाभळीच्या फांद्या घेऊन सोसायटीच्या पायरीवर बसू लागली. गडीमाणसांना ती विचारायचीच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांच्या हातात कोयता द्यायची. एके दिवशी सिरसाळ्याकडचा एक मुकादम, तोडकऱ्यांची टोळी नेणारा, हसत म्हणाला, "मावशी, म्हातारपणी दुकान टाकलं का?"

"हस बाबा. आधी फांदी तोड."

त्याने तोडली. धार निरखली. पुन्हा तोडली. आणि सगळ्या टोळीसाठी कोयते सांगून गेला. ते बघून गावही वहिनींच्या कोयत्यांकडे वळलं. ट्रका उभ्या राहिल्या तरी दोघी जावा मुठी बसवत होत्या.

उन्हाळ्यात लोक परतले, तेव्हा एक कोयता मोडून आला. तो घेऊन मी भट्टीवर गेलो. वहिनींनी तुकडा उलटसुलट केला. "पाट्यालाच चीर व्हती. माझी नजर चुकली. बदलून देते." कोयता मोडला हे सांगणाऱ्यांपेक्षा, बदलून दिला हे सांगणारी तोंडं जास्त निघाली. पुढच्या दसऱ्याला नांदूरघाटकडूनही मागणी आली.

चेअरमन शेवटपर्यंत म्हणत राहिले, हे सोसायटीचं काम न्हाई. दुकानातली कोयत्यांची फळी मात्र त्यांनी काढली नाही.

भट्टीवर लावायला मी पाटी रंगवून घेणार होतो. नाव कुणाचं घालू, विचारलं. वहिनींनी घणावरच्या जावेकडे, मग नवऱ्याकडे बघितलं. लोहारदादा भात्यावरचा हात न थांबवता म्हणाले, "ह्या दोघीचं घाला."