भिंतीवरचे तुरेवाले

पाडव्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीने कंपाउंडची भिंत रंगवायला काढली. घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक टॉवरला हल्ली भिंतीवर निसर्ग लागतो. खरा तर पार्किंगसाठी आधीच तोडलेला असतो. कमिटीने नेटवरून चित्र निवडलं, दक्षिण अमेरिकेतल्या हमिंगबर्डच्या थव्याचं. अंगठ्याएवढे पक्षी, डोक्यावर नारिंगी तुरा, गळ्यावर हिरवी चमक, गालांवर ठिपक्यांची पिसं. सुंदरच आहेत. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

भांडण होतं त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, केबलच्या जुन्या वायरीला लटकलेल्या घरट्यावरून. ते शिंजिराचं, आपल्याकडच्या फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचं होतं. कोळ्याची जाळी, सुकी पानं, कागदाचे कपटे असं काहीबाही जोडून शिंजीर घरटं बांधतो, आणि ते लांबून थेट जळमटासारखं दिसतं. आत पिल्लं होती. मादी जास्वंदीवरून सारखी ये-जा करायची आणि प्रत्येक वेळी आतून इवल्या चोची बाहेर यायच्या.

आता सणाआधी जळमटं काढायची हे आपल्या हाडात भिनलेलं. बाकीची भिंत रंगवून झाल्यावर रंगारी काठीला केरसुणी बांधून कोपऱ्यापाशी पोचला तेव्हा मी जिन्यावरून धावत खाली गेले. तो लगेच थांबला. सेक्रेटरीकाका थांबेनात. पाडव्याला गेटजवळ जाळी लटकलेली बरी दिसते का, असं त्यांनी मलाच विचारलं. घरटं आहे, पिल्लं आहेत म्हटल्यावर म्हणाले, मग उचलून मागच्या झाडावर बांधू. हलवलेल्या घरट्याकडे मादी परत आली नाही तर पिल्लं उपाशी मरतील, हे मी दोनदा सांगितलं. त्यावर त्यांनी मान हलवली.

"अगं, एका घरट्यासाठी पक्ष्यांचं चित्र अडवून धरतेस?"

आजूबाजूला चार शिकलेली माणसं उभी होती. या वाक्यात काही खटकण्यासारखं आहे असं एकालाही वाटलं नाही. उद्या सकाळी बघू, म्हणून काका वर गेले.

कळव्याच्या आमच्या जुन्या घरात कपाटापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. बाबा कामगारांसाठी ती लिहायचे, आई घड्या घालायची, मी त्यांवरूनच वाचायला शिकले. त्यामुळे राग आला की माझा हात कागदाकडे जातो. त्याच संध्याकाळी मी शिंजिराच्या घरट्यावर पत्रक लिहिलं आणि प्रत्येक घरासाठी एक प्रत काढून आणली.

पण सकाळी वाटायला निघाले तर सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. त्यांच्या सुनेने मादीला फुलासमोर पंख फडफडवत हवेत थांबलेलं पाहिलं होतं. 'आपलं चित्र पाहून खरे हमिंगबर्ड आले! कोपऱ्याला कुणीही हात लावू नये.' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. एकीने तर हे लक्ष्मीचं पाऊल ठरवलं.

मी संतापाने लाल झाले. या देशात हमिंगबर्ड नाहीत, एकही नाही. काल कचरा असलेलं घरटं आज परदेशी ठरलं म्हणून वाचत होतं. मी चप्पल घातली, तशी आई दारात आडवी आली.

"पिल्लं उडू देत गं. मग भांड हवं तेवढं."

मी गप्प बसले. खोट्याच्या आडोशाला गप्प बसणं मला जमत नाही, तरी बसले. रोज कुणी ना कुणी घरट्यासमोर सेल्फी काढायचं, मी बाल्कनीतून दात-ओठ खात बघायचे, आणि चोची मोठ्या होत होत्या.

एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. एक पिल्लू जास्वंदीवर धडपडत होतं, दुसरं वायरीवर बसलं होतं, आईबाप त्यांच्याभोवती. मी गठ्ठा घेऊन निघाले, पहिलीच बेल काकांची वाजवली. त्यांनी चष्मा लावून दारातच सगळं पत्रक वाचलं, मागची बाजूसुद्धा.

"म्हणजे हा आपल्याकडचाच साधा पक्षी होता?"

हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. तो कोपरा उगाच ठेवला, असं पुटपुटत त्यांनी माझ्यासमोरच रंगाऱ्याला फोन लावला.