चिंचेनं घासलेलं पिस्तूल

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी देवाच्या तांब्याच्या भांड्यांबरोबर सासऱ्यांचं पिस्तूलही चिंच लावून घासून काढलं. चूक माझीच. पण नवमीला घरातली हत्यारं पूजायची, मग ती लख्ख नकोत का? सॉल्ट लेकच्या आमच्या फ्लॅटमध्ये हत्यारं म्हणजे एक विळी, नवऱ्याचा पाना आणि हे चकमकीचं पिस्तूल. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारं, सासऱ्यांच्या खापरपणजोबांनी कुठल्याशा पलटणीत कमरेला लावलेलं. नवऱ्याची बँकेतून इथे बंगालमध्ये बदली झाली तेव्हा कपाटं गावी राहिली, हे मात्र आलं.

घासल्यावर लोखंडाचा जुना काळसर रंग गेला आणि बाजूच्या पट्टीवर कोरलेली अक्षरं निम्मी पुसली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पाहिलं. "छान झालं," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं! तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलणं. मला घास गोड लागेना. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "बाबा, उठा. कुणाला तरी दाखवून आणू."

एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत जुनी हत्यारं दुरुस्त करणारे एक बंगाली गृहस्थ सापडले. दुकान इतकं चिंचोळं की बाबा बाहेर बाकावर बसले, मी आत गेले. त्यांनी स्क्रू काढून चापाचा सगळा संच अलगद सोडवला, डोळ्याला भिंग लावलं. "अस्सल आहे," ते हिंदीत म्हणाले. "नक्षी नाही, चांदी नाही. हे शोभेचं नव्हे, सैनिकाचंच." पट्टीच्या आतल्या बाजूला तपासणीचा शिक्काही शाबूत निघाला. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी नळीवर बोट फिरवलं. "चिंचेनं गेलं ते वरवरचं. हे खड्डे बघा. हे वर्षानुवर्षांच्या पाण्याचे. पाणी कोण घालायचं यावर?"

दर नवमीला बाबा त्याच्यावर पळीनं पाणी घालायचे, मग दूध, मग ओलं हळदकुंकू, आणि झेंडूच्या हारासकट ते दसरा होईपर्यंत तसंच पाटावर असायचं. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी आजोबा.

"चकचकीत करणार नाही मी," ते गृहस्थ म्हणाले. "गंज थांबवतो. तेल, मऊ ब्रश, वरून मेणाचा हात. याला पाणी मात्र पुन्हा दाखवू नका."

बाहेर आले तर बाबांचा पहिला प्रश्न, "काय म्हणाले?"

"चिंचेनंच वाट लावली म्हणाले. बाकी ठणठणीत आहे." धडधडीत खोटं बोलले मी. ऐंशीच्या माणसाला काय सांगायचं, तुमच्या पूजेनंच ते खाल्लं म्हणून?

बाबा बाकावरून उठले नाहीत.

"दुकानाचं दार उघडंच होतं गं," ते म्हणाले. "उगाच छळलं तुला इतके दिवस." मग आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "वडिलांनी पहिल्यांदा पळी हातात दिली तेव्हा सात वर्षांचा होतो मी. तेव्हापासून एक थेंब बाहेर सांडू दिला नाही बघ."