भात पिकायला लागतात तेवढे दिवस

कासू स्टेशनवर उतरून पंधरा मिनिटं चाललं की वैशालीचं घर. रोह्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती शिफ्टमध्ये काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ गेम बनवायची. खेळण्याचा नाद कॉलेजपासूनचा. रानात एकट्यानं तगायचं, भूक-थंडी सोसायची, असले गेम तिला फार आवडायचे. पण त्यातली शेती बघितली की तिचं डोकं फिरायचं. दाणा टाकला की चौथ्या दिवशी कणीस! दोन टोमॅटो खाल्ले की तलवारीची जखम भरली! आणि वर डोक्यावर पाटी : शेतकरी, लेव्हल बारा.

"मग आमच्या बाबांची लेव्हल किती म्हणायची?" ती चिडून विचारायची. बाबा म्हणजे महिपती, चाळीस वर्षं भात आणि त्यामागून वाल पिकवणारे.

शेवटी तिनं स्वतःचाच गेम रचायला घेतला. एक बाई, एक शेत आणि एकामागून एक वर्षं. रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, लावणी करायची, कापणी झाली की जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरायचे. चुकलं तर पोटाला चिमटा. लेव्हल नाही, आकडा नाही. ओल किती उरली हे दाखवणारी पट्टीसुद्धा नाही; मातीचा रंग बघून खेळणाऱ्यानंच ओळखायचं. पहिल्या वर्षी फसेल, तिसऱ्या वर्षी नजर बसेल. सुधारणा व्हायची ती खेळणाऱ्यात, पडद्यावरच्या बाहुलीत नव्हे, हा तिचा हट्ट. दोन वर्षं त्यात गेली.

पुण्याच्या एका गेम कंपनीनं तो पाहिला आणि पुष्कर नावाच्या अधिकाऱ्यानं व्हिडिओ कॉल लावला. पुष्कर मूळचा पेणचा निघाला.

"आमचीही जमीन होती गागोद्याकडे," तो म्हणाला.

"मग भाताला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे. म्हणून तर सोडली!" तो हसला. मग समजावू लागला, "लोक दमून घरी येतात, वैशाली. दर पाच मिनिटांनी त्यांच्या हाती काहीतरी पडायला हवं. पन्नास लेव्हल कर. जाहिरात बघितली की पीक लगेच तयार. आणि एखादा वाघ तरी टाक."

"मीही शिफ्ट करून दमूनच येते, पुष्करदादा. मला कुणी गोंजारायला नको असतं. अवघड गोष्ट आपल्याला जमली, एवढं कळायला हवं असतं."

त्याला नकार देऊन तिनं गेम स्वतःच बाजारात आणला. आठवड्याभरात शेरे आले. 'हा गेम आहे की रोजगार हमी?' 'लावणी करून बोटं मोडली.' वैशालीनं प्रत्येकाला ठणकावून उत्तर दिलं : बोटं मोडली? माझ्या आईची कंबर बघायला या.

ती कंबर घेऊन आई, मैना, एका दुपारी पडवीत लॅपटॉपपुढे बसली. चार ओळी लावल्या आणि माऊस सोडला.

"ह्ये काय गो? एकेक रोप दाबत बसायचं?"

"खरं तसंच असतं ना, आई."

"खरं?" मैना उसळली. "एकटीनं कदी लावणी केली मी? सावडीनं बाया येतात. आज तिच्याकडं, उद्या माज्याकडं. हसत-बोलत शेत कदी भरतं कळत नाय. तुज्या बाईला शेजार नाय, बोलणं नाय. वाकणं तेवढं खरं, नि बाकीचं खोटं व्हय?"

पुष्करला ताडताड बोलणाऱ्या वैशालीनं आईचं मात्र ऐकलं. चार महिने खपून तिनं गेममध्ये शेजार वसवला. दुसऱ्याच्या शेतात राबलात तर तुमच्या लावणीला दहा बाया येणार आणि शेत चटकन भरणार. नाही गेलात तर बसा एकेक रोप लावत. पण ऋतू आणि भूक यांना तिनं हात लावला नाही. चूक झाली की मागे जायचं बटण द्या, असं शेकड्यांनी लिहिलं. तिनं दिलं नाही.

गेमनं जग काही जिंकलं नाही. काही हजार माणसं खेळू लागली. नागपूरच्या एका नर्सनं कळवलं, गेममधली तीन वर्षं वाल करपले, चौथ्या वर्षी साधले, तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की नवरा धावत आला.

पुष्करचा पुन्हा फोन आला. "आता तरी जाहिरात घे. एवढा ताठा बरा नव्हे."

"ताठा कसला? ज्यांना चार मिनिटांत पीक हवं त्यांच्यासाठी सगळं दुकान भरलंय. त्यांनी तिकडे खुशाल खेळावं. माझ्याकडे भाताला भाताचे दिवस लागतील."

एकदा महिपती पडद्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. "बांधाला खेकड्यांची भोकं कुठं हायत?" त्यांनी विचारलं. "भोकांतून पाणी पळतं, नि शेत कोरडं पडतं."

वैशालीनं खेकडे घातले. दोन दिवसांत खेळणाऱ्यांचा गिल्ला सुरू झाला : शेतातलं पाणी आपोआप जातंय, बिघाड आहे, दुरुस्त करा.

तिनं खाली एकच ओळ लिहिली : 'बिघाड नाही. रोज बांधावरून चक्कर मारा.'